दोन सायकली, एक आरव्ही: जोडप्याने लांब पल्ल्याचा सायकल प्रवास कसा आखावा

लांब पल्ल्याच्या सायकल प्रवासात राहण्याची सोय असलेली आरव्ही सोबत घेतली की तंबू, भांडी, कपडे, सुटे भाग असे सगळे ओझे सायकलवरून उतरते आणि दिवसभर घाम गाळल्यावर रात्री स्वतःच्या अंथरुणात पाठ टेकता येते. मात्र दोघेच निघाले असतील आणि दोघांनाही सायकल चालवायची असेल, तर पहिल्याच सकाळी एक अडचण समोर उभी राहते: गाडी आपोआप पुढच्या मुक्कामी पोहोचत नाही. गाडी केवढी घ्यावी, दिवसाला किती अंतर कापावे, मुक्काम कुठे करावा, वाटेत कुठे भेटावे, हे सगळे या एका अडचणीच्या उत्तरावर अवलंबून असते. म्हणून स्टिअरिंगवर कोण आणि केव्हा बसणार हे आधी ठरवावे आणि बाकीचे सारे त्यानंतर, असे माझे ठाम मत आहे. पुष्कळ जोडपी आधी मार्ग निवडतात, मग गाडी घेतात आणि चालवण्याचे काम ‘बघू वाटेत’ म्हणून सोडून देतात. परिणामी दोघांपैकी एकाच्या वाट्याला नुसते ड्रायव्हिंग येते आणि आठवड्याभरात कुरबुर सुरू होते.

ओझे उतरल्याने किती फरक पडतो

हा फरक आकड्यांत पाहिला की दिवसाचे अंतर ठरवणे सोपे जाते. सायकल आणि स्वार मिळून ९० किलो वजन धरले, तर १००० मीटर उंची चढण्यासाठी गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ८८० किलोज्यूल काम करावे लागते. १५० वॉट शक्ती सातत्याने लावता येत असेल, तर केवळ ही उंची गाठायला जवळपास १०० मिनिटे लागतात; रस्त्याचे घर्षण आणि हवेचा विरोध यांचा वेळ वेगळा. त्याच सायकलला २० किलोच्या पॅनिअर बॅगा (चाकांच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या पिशव्या) लावल्या, तर याच चढाला आणखी २० ते २२ मिनिटे लागतात. डोंगराळ प्रदेशात रोज हजार-दीड हजार मीटर चढ असेल, तर आरव्हीमुळे दिवसाकाठी अर्धा तास आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे गुडघे वाचतात.

या बचतीच्या भरवशावर रोजचे अंतर दुप्पट करण्याचा मोह मात्र टाळावा. वाचलेला वेळ गाडी हलवण्यात, तळ आवरण्यात आणि सायकली चढवण्या-उतरवण्यात जातो. नियमित सराव असलेल्या जोडप्याने सपाट भागात ७० ते ८० किलोमीटर आणि डोंगरात ५० ते ६० किलोमीटर हे माप धरावे, आणि पाच-सहा दिवसांनी एक पूर्ण विश्रांतीचा दिवस ठेवावा. हा दिवस कपडे धुणे, टाक्या रिकाम्या करणे, सायकलींची देखभाल यांतच संपतो, त्यामुळे शक्य असेल तिथे सलग दोन दिवस थांबणे अधिक चांगले.

गाडी कोण चालवणार

सोयीसाठी धरून चालू की आजचा टप्पा ८० किलोमीटरचा आहे, दोघांचा सायकलचा सरासरी वेग ताशी १८ किलोमीटर आहे, आणि आज ‘तो’ आधी सायकलवर निघतो व ‘ती’ गाडी घेते. उद्या भूमिका उलटतील.

सर्वात सोपी पद्धत म्हणजे एका दिवशी एकाने सायकल आणि दुसऱ्याने गाडी चालवणे. यात सायकलस्वाराला दिवसभर पाठबळ मिळते, पण प्रत्येकाचा निम्माच मार्ग सायकलने होतो आणि दोघे एकत्र कधीच चालवत नाहीत. दोघांपैकी एकालाच लांब अंतराची हौस असेल, तर ही पद्धत उत्तम. दोघांनाही असेल, तर ती फक्त पावसाच्या किंवा दुखापतीच्या दिवसांसाठी राखून ठेवावी.

दुसरी पद्धत मध्यावर अदलाबदल करण्याची. तो सकाळी ७ वाजता सायकलने निघतो. ती तळ आवरून गाडी चाळिसाव्या किलोमीटरवर आणते, सुरक्षित जागी लावते, कुलूप घालते आणि पावणेनऊच्या सुमारास स्वतःच्या सायकलवरून पुढे निघते. तो सव्वानऊला गाडीपाशी पोहोचतो, पाणी पितो, सायकल चढवतो आणि गाडी घेऊन मुक्कामी जातो. ती अकराच्या सुमारास तिथे पोहोचते. सगळा दिवस अकराला मोकळा होतो हा याचा मोठा फायदा. मात्र दोघांपैकी कुणाचे पंक्चर झाले, तर दुसऱ्याला ते कळत नाही, आणि काही काळ गाडी एकटी उभी राहते. त्यामुळे या पद्धतीत प्रत्येकाने जणू गाडी नाहीच अशा तयारीने निघावे लागते.

तिसरी पद्धत मला सर्वात समाधानकारक वाटते. तो ७ वाजता निघतो. ती साडेसातला गाडी घेऊन निघते, थेट ८० किलोमीटरवरच्या मुक्कामी जाऊन गाडी जागेवर लावते आणि साडेनऊला सायकलवरून उलट दिशेने त्याच्याकडे यायला लागते. तोपर्यंत त्याचे ४५ किलोमीटर झालेले असतात आणि दोघांमध्ये ३५ किलोमीटर उरलेले असतात. दोघेही ताशी १८ च्या वेगाने एकमेकांकडे येत असल्यामुळे साडेदहाच्या सुमारास, साठ-बासष्टाव्या किलोमीटरवर भेट होते. तिथून ती वळते आणि उरलेले साडेसतरा किलोमीटर दोघे बरोबर चालवत गाडीपाशी पोहोचतात. त्याचे पूर्ण ८० किलोमीटर होतात, तिचे ३५ होतात, मुक्कामाची जागा आधीच पक्की झालेली असते, आणि दिवसाचा शेवट दोघांचा एकत्र होतो. गाडीचा रस्ता वेगवान असेल किंवा ती त्याच्याबरोबरच निघाली, तर तिचे अंतर वाढते. दुसऱ्या दिवशी तिचा पूर्ण टप्पा.

चौथी पद्धत एका जागी तळ ठोकून तीन-चार दिवस वेगवेगळ्या दिशांना वर्तुळाकार फेऱ्या मारण्याची. यात दोघे सगळे अंतर बरोबर कापतात आणि गाडी हलत नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग रेषा आखायचीच असा हट्ट नसेल, तर हिच्यासारखी सुखाची पद्धत नाही. पाचवी म्हणजे गाडी मुक्कामी ठेवून सायकलने पुढे जाणे आणि रेल्वेने किंवा बोटीने गाडीकडे परतणे. डॅन्यूब नदीच्या काठाने पासाऊ ते व्हिएन्ना असा जो प्रसिद्ध सायकल मार्ग आहे, त्यावर रेल्वे आणि प्रवासी बोटी दोन्ही उपलब्ध असल्याने ही पद्धत तिथे चांगली जुळते. सायकलसाठी वेगळे तिकीट किंवा आरक्षण लागते का हे आदल्या दिवशीच पाहून ठेवावे.

एकाच पद्धतीला चिकटून राहण्याचे कारण नाही. रहदारीच्या टप्प्यावर पहिली, सपाट आणि शांत रस्त्यावर तिसरी, रमणीय भागात चौथी, अशी सरमिसळ करावी. चढाच्या टप्प्याची पाळी कुणाची आणि उताराच्या टप्प्याची कुणाची हेही नकाशा समोर ठेवून वाटून घ्यावे, कारण नुसते दिवस समान वाटून घेतले तरी कष्ट समान वाटले जात नाहीत.

गाडी कशी असावी

दोघांसाठी गाडी जितकी लहान तितकी या प्रवासात कामाची. सायकलस्वारांना आवडणारे रस्ते अरुंद, वळणाचे आणि कमी वर्दळीचे असतात, आणि नेमक्या त्याच रस्त्यांवर मोठी मोटरहोम अडचणीत येते. साधारण सहा मीटर लांबीची कॅम्पर व्हॅन साध्या मोटारीच्या पार्किंगमध्येही बहुतेक वेळा मावते, त्यामुळे वाटेतल्या भेटीच्या जागा पुष्कळ वाढतात. आठ-नऊ मीटरची गाडी आतून प्रशस्त असते, पण ती वळवायला जागा कुठे मिळेल या विचारातच चालवणाऱ्याचा दिवस जातो.

मागे ओढायचा ट्रेलर आणि तो ओढणारी मोटार ही जोडी वेगळ्या कारणाने विचारात घ्यावी. ट्रेलर मुक्कामी सोडून मोटार मोकळी करता येते, त्यामुळे एकाच तळावर राहून दोन-तीन दिवसांचे सलग टप्पे मोटारीच्या मदतीने पूर्ण होतात. रोज तळ हलवायचा नसेल, तर हा पर्याय मोटरहोमपेक्षा सरस ठरतो. रोज हलवायचा असेल, तर जोडणे, सोडणे आणि समतल करणे यांत वेळ जातो.

एक अट मात्र सर्व प्रकारांना लागू आहे: गाडी दोघांनाही आत्मविश्वासाने चालवता आली पाहिजे, त्यात मागे घेणे आणि चढावर थांबवून पुन्हा सुरू करणे हेही आले. एकालाच येत असेल, तर वर सांगितलेल्या पद्धतींपैकी बहुतेक बाद होतात, आणि त्याला ताप आला की प्रवास जागच्या जागी थांबतो. परवाना आणि विमा दोघांच्या नावे त्या वजनाच्या गाडीसाठी वैध आहेत ना, हेही पाहावे. युरोपात मोटारीच्या नेहमीच्या ‘बी’ परवान्यावर गाडीचे एकूण अनुज्ञेय वजन सर्वसाधारणपणे ३५०० किलोपर्यंत चालते, आणि मोटरहोममध्ये सामान, पाणी आणि माणसे भरल्यावर ही मर्यादा झपाट्याने जवळ येते.

वजन आणि सायकलींचे कॅरिअर

पाण्याची १०० लिटरची भरलेली टाकी म्हणजे १०० किलो. दोन ई-सायकली आणि मागचे कॅरिअर मिळून ६० किलो सहज होतात. हे ६० किलो कुठे आहेत याला त्यांच्या वजनाइतकेच महत्त्व आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर ४ मीटर असेल आणि कॅरिअर मागच्या चाकांच्या मागे अडीच मीटरवर लटकत असेल, तर तरफेच्या नियमाने मागच्या आसावर ६० नव्हे, तर सुमारे ९७ किलो भार वाढतो आणि पुढच्या आसावरचा भार ३७ किलोने घटतो. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंगची पकड कमी होते. पुढच्या चाकांना इंजिनाची ओढ असलेल्या गाडीत ओल्या चढावर चाके जागीच फिरू लागतात. म्हणून गाडी पूर्ण भरून वजनकाट्यावर न्यावी आणि दोन्ही आसांचे वजन वेगवेगळे मोजून घ्यावे. गाडीच्या मागच्या भागात सायकलींसाठी बंद कप्पा असेल, तर चोरी, पाऊस आणि धूळ या तिन्ही काळज्या एकदम मिटतात.

कॅरिअर बाहेरचे असेल, तर काही गोष्टी रोज डोळ्यांखालून घालाव्यात. ई-सायकलची बॅटरी काढून आत ठेवावी. वजन कमी होते आणि धक्के व पाणी यांपासून तिचे रक्षणही होते. सायकलचे चाक धुराड्याच्या तोंडासमोर येत नाही ना ते पाहावे, कारण गरम धुराने टायर आणि रिम खराब होतात. नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जाऊ नयेत. दोन सायकली एकमेकींना जिथे घासतात तिथे जाड कापड किंवा फोमचा तुकडा बांधावा, आणि निघाल्यावर पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर थांबून सर्व पट्टे पुन्हा ताणून घ्यावेत. कॅरिअरसह गाडीची लांबी आणि उंची मीटर व फूट दोन्हींमध्ये लिहून चालकाच्या डोळ्यांसमोर चिकटवावी.

आरव्हीच्या टायरकडे फार थोडे लोक पाहतात. या गाड्या वर्षातले बरेच महिने उभ्या असतात, त्यामुळे नक्षी शाबूत असूनही रबर वयाने कडक होते. टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडी उत्पादन क्रमांक असतो. ‘२३१९’ याचा अर्थ २०१९ सालचा तेविसावा आठवडा. भाड्याची गाडी ताब्यात घेतानाही हा आकडा वाचावा.

मार्ग: नकाशे दोन हवेत

सायकलचा रस्ता आणि गाडीचा रस्ता एकच असेल असे गृहीत धरू नये. द्रुतगती मार्गांवर सायकलला सहसा बंदी असते, तर सायकल ट्रेलवर मोटारीला. अमेरिकेतील चेसापीक आणि ओहायो कालव्याच्या काठचा सुमारे २९७ किलोमीटरचा जुना मार्ग, किंवा पिट्सबर्ग ते कंबरलँड हा सुमारे २४० किलोमीटरचा ग्रेट ॲलेगनी पॅसेज, या मार्गांवर मोटारी नसल्याने सायकल निर्धास्त चालते. परंतु याच कारणाने मधल्या बहुतेक ठिकाणी गाडी मदतीला येऊ शकत नाही. अशा ट्रेलवर गाडी जिथे ट्रेलला येऊन मिळते, ती प्रवेशस्थाने हाच दिवसाच्या आखणीचा कणा असतो. दोन्ही रस्ते एका नकाशावर वेगळ्या रंगांत काढावेत आणि ते जिथे एकमेकांना छेदतात तिथे भेटीच्या जागा ठरवाव्यात. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा आणि त्याची एक कागदी प्रत गाडीत असावी.

वाऱ्याचा विचार आरव्ही असलेल्यांनी वेगळ्या पद्धतीने करावा, कारण त्यांच्या हातात एक हुकमी पत्ता आहे. ओझे लादलेल्या सायकलस्वाराला समोरचा वारा सोसण्यावाचून गत्यंतर नसते. गाडी असलेल्या जोडप्याला मात्र टप्प्याची दिशाच उलटवता येते. सकाळी दोघांनी गाडीतून पुढच्या टोकाला जावे, सायकली उतरवाव्यात आणि पाठीवर वारा घेत मागच्या तळाकडे यावे. हवेच्या विरोधाविरुद्ध लागणारी शक्ती वेगाबरोबर घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने समोरचा जोरदार वारा दिवसाचे सगळे गणित बिघडवतो. अर्थात असे उलटे आल्यावर गाडी पुढच्या टोकालाच राहते. ती आणण्याचे काम कुणी करायचे, हे वर सांगितलेल्या पद्धतींनीच सोडवावे.

संपूर्ण मार्गाची दिशाही वारा पाहूनच ठरवावी. अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर उन्हाळ्यात वारा प्रामुख्याने वायव्येकडून वाहतो, म्हणून तिथले सायकलस्वार बहुधा उत्तरेकडून दक्षिणेकडे जातात. पण सगळीकडे ‘वारा पश्चिमेचा’ असे ठोकून देऊ नये. ऑरेगनमधील अस्टोरिया ते व्हर्जिनियातील यॉर्कटाउन हा सुमारे ६८०० किलोमीटरचा ट्रान्सअमेरिका मार्ग १९७६ च्या बाइकसेंटेनिअल उपक्रमापासून प्रसिद्ध आहे. त्यावरच्या कॅन्सस राज्यात उन्हाळी वारा बहुतेक वेळा दक्षिणेकडून येतो, आणि पूर्व-पश्चिम जाणाऱ्या दोन्ही दिशांच्या सायकलस्वारांना तो बाजूने झोडपतो. ज्या महिन्यात जायचे त्या महिन्याची त्या त्या भागाची नोंद पाहावी.

भेटण्याचे आणि चुकामूक टाळण्याचे नियम

पहिला नियम असा की गाडीने सायकलच्या मागे हळूहळू चालू नये. पाठीशी गाडी असल्याने सुरक्षित वाटते, प्रत्यक्षात ताशी १८ किलोमीटरने सरकणारी मोठी गाडी मागून येणाऱ्या वाहनांना धोकादायक रीतीने ओव्हरटेक करायला भाग पाडते, आणि त्या ओव्हरटेकच्या टोकाला सायकलस्वार असतो. गाडीने पुढे जावे, २० ते ३० किलोमीटरवर रस्त्यापासून पूर्ण बाजूला थांबावे आणि सायकल येऊन गेल्यावर पुढच्या जागी जावे. कडक उन्हात किंवा लांब चढावर हे अंतर १० ते १५ किलोमीटरपर्यंत आणावे.

भेटीची जागा सांगताना ‘गावाच्या पलीकडे’ असे सांगू नये. चौक, पूल, रेल्वे स्टेशन यांसारखी चुकणार नाही अशी खूण, रस्त्याची कोणती बाजू आणि अंदाजे वेळ, या तिन्ही गोष्टी सांगाव्यात, आणि ऐकणाऱ्याने त्या एकदा उच्चारून दाखवाव्यात. फोनला रेंज नसेल असेच गृहीत धरून पुढचा करार करावा: ठरलेल्या वेळेनंतर पाऊण तास वाट पाहायची, तेवढ्यात सायकलस्वार आला नाही, तर गाडीने सायकलच्याच मार्गाने उलट यायचे, आणि सायकलस्वाराने, काहीही झाले तरी, ठरलेला मार्ग सोडायचा नाही. जवळचा रस्ता दिसला म्हणून वळणे हा यातला सर्वात मोठा गुन्हा समजावा, कारण त्यानंतर शोधणाऱ्याला शोधायचे कुठे हेच उरत नाही. मार्ग सोडणे अटळ असेल, तर आधीच्या भेटीच्या जागेवर परत जावे. ट्रेलसारख्या ठिकाणी गाडी उलट येऊ शकत नाही, तिथे मधल्या प्रत्येक प्रवेशस्थानाचा क्रम ठरवून गाडीने त्या क्रमाने मागे तपासत यावे.

गाडीची किल्ली दोघांच्याही अंगावर हवी, एकाची गाडीत आणि एकाची खिशात नव्हे. आणि गाडी कितीही जवळ असली तरी सायकलवर दोन बाटल्या पाणी, एक सुटी ट्यूब, टायर लिव्हर, पंप, बहुउपयोगी किल्ली, चेनचा जोड, हलके जाकीट, खाण्याचे काही, ओळखपत्र, थोडी रोकड आणि पुढचे-मागचे दिवे हे असलेच पाहिजेत. बंद पडण्याचा अधिकार गाडीलाही आहे.

खाणे आणि पाणी

शरीरातला साठवलेला ग्लायकोजेन (कर्बोदकांचा साठा) साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे सुमारे २००० किलोकॅलरी. मध्यम वेगाने चालवतानाही तो काही तासांत ओसरतो, म्हणून भूक लागण्याची वाट न पाहता ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घेत राहावीत. पाणी हवामानानुसार ताशी अर्धा ते पाऊण लिटर. भर उन्हात केवळ साधे पाणी भरमसाट पिऊ नये, कारण रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. गाडी सोबत असल्याने दुपारचे जेवण भरपेट करण्याची ओढ वाटते. वाटेतल्या थांब्यांवर थोडे थोडे आणि मुख्य जेवण चालवणे संपल्यावर, हा क्रम पोटाला मानवतो. स्वयंपाक त्या दिवशी कमी अंतर चालवणाऱ्याकडे असावा.

पाणी, गॅस आणि वीज

सायकलस्वारांना रोज अंघोळ लागते, आणि आरव्हीची टाकी ही चैन फार दिवस पुरवत नाही. अंग ओले करून पाणी बंद करायचे, साबण लावायचा आणि मग धुवायचे, या शिस्तीने एक अंघोळ दहा-बारा लिटरमध्ये होते. दोघांच्या अंघोळी, स्वयंपाक, पिणे आणि बाटल्या मिळून रोजचे ४० ते ५० लिटर धरावेत. म्हणजे १०० लिटरची टाकी दोन दिवसांची झाली. सांडपाण्याची आणि मैल्याची टाकी केवळ त्यासाठी नेमलेल्या जागीच रिकामी करावी. अशा जागा मार्गाच्या नकाशावर आधी खुणावून घ्याव्यात आणि सर्वसाधारणपणे तीन रात्रींतून एक मुक्काम सर्व सोयी असलेल्या कॅम्पग्राउंडवर ठेवावा.

गॅसच्या बाबतीत थंड प्रदेशात जाणाऱ्यांनी एक भौतिक गोष्ट लक्षात घ्यावी. ब्यूटेनचा उत्कलनबिंदू शून्य अंश सेल्सिअसच्या जरासा खाली आहे, तर प्रोपेनचा उणे ४२. डोंगरातल्या गोठवणाऱ्या पहाटे ब्यूटेनच्या सिलिंडरमधून वायू बाहेरच येत नाही आणि हीटर बंद पडतो. तिथे प्रोपेनच हवा. दोन्ही वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर ते जमिनीलगत साठतात, म्हणून गळती ओळखणारा अलार्म खाली बसवलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा लागतो, आणि दोन्ही चालू आहेत का हे मुक्कामी निघण्यापूर्वी बटण दाबून पाहावे. ऊब मिळावी म्हणून स्वयंपाकाची शेगडी पेटती ठेवून झोपणे जिवावर बेतू शकते.

विजेचा हिशेब ई-सायकली असतील तेव्हाच कठीण होतो. ५०० वॉट-तासांची एक बॅटरी पूर्ण भरायला इन्व्हर्टर आणि चार्जरमधली घट धरून सुमारे ६०० वॉट-तास लागतात. गाडीतली १२ व्होल्ट १०० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १२०० वॉट-तासांची असते, पण ती लेड-ॲसिड असेल, तर निम्मीच वापरणे हिताचे. म्हणजे एक सायकल भरली की दिवे आणि पंपासाठी काही उरत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बहुतांश रिकामी करता येते, मात्र शून्याखालील तापमानात ती चार्ज करू नये. एरवी आरव्हीवाले गाडी चालताना अल्टरनेटरवर (इंजिनावर चालणाऱ्या वीजजनित्रावर) बॅटरी भरून घेतात, पण सायकल प्रवासात गाडी दिवसाला ७०-८० किलोमीटरच चालते, त्यामुळे हा आधार तोकडा पडतो. छतावर २०० वॉटचे सोलर पॅनेल असेल, तर उन्हाळ्यातल्या स्वच्छ दिवशी सात-आठशे वॉट-तास मिळू शकतात. दोन ई-सायकली रोज पूर्ण वापरायच्या असतील, तर एक दिवसाआड वीजजोडणी असलेला मुक्काम गृहीत धरावा.

दुरुस्तीचे सामान

गाडीत मोठा उभा पंप, घडीचा दुरुस्ती स्टँड, चेनची झीज मोजणारे गेज, सुटे टायर, ट्यूब, ब्रेक पॅड, केबल, योग्य मापाचे स्पोक आणि डिरेलर हँगर (मागची गिअर बदलणारी यंत्रणा फ्रेमला जोडणारा छोटा धातूचा तुकडा) ठेवावा. हँगर हा प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि वाटेतल्या दुकानात तो मिळेलच असे नाही. कॅरिअरवरून सायकल चढवता-उतरवताना नेमका तोच वाकतो. अकरा आणि बारा गिअरच्या चेन ०.५ टक्के झिजल्या की बदलाव्यात, नऊ-दहा गिअरच्या ०.७५ टक्क्यांपर्यंत चालतात. शक्य असेल, तर दोन्ही सायकलींचे टायर आणि ब्रेक पॅड एकाच मापाचे घ्यावेत. सुट्या भागांचा साठा निम्मा होतो.

रंगीत तालीम

मोठ्या प्रवासाच्या महिनाभर आधी तीन दिवसांची तालीम करावी, आणि ती घराजवळ असली तरी खऱ्या प्रवासासारखीच, भरल्या टाक्या आणि पूर्ण सामानासह करावी. पहिल्या दिवशी अदलाबदलीची पद्धत, दुसऱ्या दिवशी उलट येऊन भेटण्याची पद्धत, आणि तिसऱ्या दिवशी फोन बंद ठेवून केवळ ठरलेल्या खुणांवर भेटण्याचा सराव करावा. प्रत्येकाने एकट्याने, दुसऱ्याची मदत न घेता, तळ आवरणे, सायकल चढवणे, गाडी मागे घेणे, सांडपाणी सोडणे आणि गॅसचा वाल्व्ह बंद करणे ही कामे करून पाहावीत, कारण प्रवासात ज्या सकाळी जोडीदार आधीच सायकलवर निघून गेलेला असेल, त्या सकाळी ही सगळी कामे एकट्यालाच करायची आहेत.

तळ आवरायला किती वेळ लागला तो घड्याळ लावून मोजावा. सुरुवातीला पाऊण तासाहून अधिक लागतो, आणि कामांचा क्रम एका कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला लावला की तो बराच कमी होतो. त्या यादीत पायरी आत घेणे, छताची खिडकी लावणे, फ्रिजचे दार अडकवणे, वीज आणि पाण्याची जोडणी काढणे, गॅस बंद करणे आणि कॅरिअरचे पट्टे तपासणे हे असावे, आणि शेवटच्या ओळीत गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारावी असे लिहावे. तालमीत जो वेळ लागला तोच खरा धरून रोजच्या टप्प्यांची लांबी पुन्हा एकदा तपासावी आणि गरज असेल तिथे ती कमी करूनच मुक्कामांचे आरक्षण करावे.